दुपारची झाडलोट

माझी मावशी एका मोठ्या इस्पितळाचा बिलांचा प्रोग्राम सांभाळते. जावा नावाच्या संगणकभाषेत लिहिलेला, जुना. दुपार झाली की तो अडकायचा. खिडक्यांपुढे रांगा थांबायच्या आणि मावशी जेवणाचा डबा तसाच सोडून तो बंद करून पुन्हा चालू करायची. त्यामुळे तिला रजा अशी नव्हतीच.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं.

"चार दिवस ये," आई म्हणाली.

"बघते, ताई."

"तू बघतेच आहेस गं, माझे केस पांढरे झाले तरी."

मावशीनं फोन ठेवला आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिली.

मावशीच्या साहेबांनी कॉम्प्युटरची मेमरी दुप्पट करून दिली. "आता तरी हसा."

"साहेब, आता जास्त वेळ अडकतं. खोली मोठी केलीत, झाडणारा तोच आहे."

हा झाडणारा जावातच असतो. मेमरीतल्या काम संपलेल्या गोष्टी तो आपणहून उचलतो. पण ज्या गोष्टीला दुसऱ्या कुणी धरून ठेवलंय, तिला हात लावत नाही. मेमरी गच्च भरली की सगळ्यांना थांबवून कोपरा न् कोपरा झाडत बसतो.

मावशीनं भरलेल्या मेमरीची नक्कल काढली आणि कोण कुणाला धरून आहे ते शोधत बसली. डोळे चुरचुरायला लागले तेव्हा सापडलं. प्रत्येक रुग्णाचं बिल उघडलं की ते प्रोग्राममधल्या दरपत्रक सांभाळणाऱ्या भागाकडे आपलं नाव लावायचं: दर बदलला तर मला कळव. बिल मिटलं, माणूस घरी गेला, तरी नाव काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं. सकाळपासून गेलेल्या सगळ्यांची बिलं मेमरीत तशीच धरलेली.

बिल मिटताच नाव काढायचं, एवढंच तिनं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावरची मेमरीची रेघ चढली, उतरली, परत चढली, उतरली. मावशीनं पहिल्यांदा गरम डबा खाल्ला. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

तिनं रजा मागितली.

"आता तर अडकत नाही," साहेब म्हणाले, "मग जायची घाई कसली?"

"अडकत नाही म्हणूनच."

ती आली ती आईच्या पलंगाशेजारी खुर्चीतच झोपली, हातात फोन तसाच. दुपार कलली. फोन वाजला नाही.

"काढून ठेव गं तो," आई माझ्याकडे बघून कुजबुजली.

मी हळूच ओढून पाहिला. झोपेतही तिनं मूठ आवळली. मी तिच्या हाताखाली उशी सरकवली.