वहिनींचा प्रेस

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेलवलीच्या आमच्या गच्चीवर गाद्या उन्हात टाकत होते. सकाळचे साडेदहा झाले असतील. फोन पुतणीचा, वैशालीचा. "काकू, आई गेली," एवढंच म्हणाली. मागे हॉस्पिटलमधल्या माणसांचा आवाज येत होता. मी काय बोलले ते आठवत नाही. हातातली गादी मात्र मी नीट पसरली, तिची टोकं सरळ केली आणि मग खाली बसले, एवढं आठवतं. त्याला आता सात आठवडे झाले. मालती माझी थोरली जाऊ. नवरा 'वहिनी' म्हणायचा, म्हणून मीही लग्नाच्या पहिल्या दिवसापासून वहिनीच म्हटलं. भेटायला आलेला प्रत्येक माणूस मला म्हणाला, "सुनंदा, सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं तू जावेचं केलंस." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्या कौतुकात एक गोष्ट खोटी आहे आणि ती मीच खोटी ठेवली आहे. ती सांगायची म्हणून लिहायला बसले आहे, पण आधी वहिनी कोण होत्या ते सांगायला हवं. नाहीतर मी काय केलं ते कुणाला कळणार नाही.

लग्न होऊन मी उल्हासनगरच्या दोन खोल्यांत आले तेव्हा वहिनींचा संसार तिथे चांगला मुरला होता. शेजारी सिंधी लाजवंती आंटी. भिंत एक, गॅलरी एक, आणि दुपारी दोन्ही स्वयंपाकघरंही एकच. आंटींच्या भावानं परदेशातून त्यांना एक वस्तू आणून दिली होती. लसूण दाबायचा चिमटा असतो ना, त्याचंच थोरलं रूप. दोन लांब दांडे, मध्ये भोकांची वाटी. वाटीत उकडलेला बटाटा ठेवायचा, दांडे दाबायचे, की खालून शेवेसारखा मऊ बटाटा उतरतो. गाठ म्हणून नाही. वहिनींचं मन त्या वस्तूवर इतकं बसलं, की थोरल्या भाऊजींनी ती दोन दिवस मागून घेतली आणि अंबरनाथला, ते फिटर होते त्या कारखान्यात नेऊन, स्टीलची तशीच एक बनवली. भोकं हातानं पाडलेली, त्यामुळे एका रांगेत नव्हती. "ह्यांची ओळ कधी सरळ आलीय?" असं वहिनी म्हणायच्या आणि ती वस्तू कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. आम्ही तिला नुसतं 'प्रेस' म्हणायचो. वैशाली लहान असताना घरी आलेल्या इस्त्रीवाल्याला तिनं तोच काढून दाखवला होता, तेव्हा भाऊजी पोट धरून हसले होते.

प्रेस वापरायचे वहिनींचे नियम मी नवी नवरी असताना पाठ केले. बटाटा सालीसकट उकडायचा. अर्धा कापायचा आणि कापलेली बाजू खाली करून वाटीत ठेवायचा, म्हणजे साल वरच राहते आणि नंतर चिमटीत धरून काढता येते. सगळ्यात मोठा नियम, दाबायचा तो गरम असतानाच. लाजवंती आंटी भिंतीपलीकडूनसुद्धा ओरडायच्या, "अड़ी मालती, गरम-गरम दबा! ठंडा हुआ तो गया काम से!" ताटात उतरलेल्या बटाट्याची वाफ जाऊ द्यायची आणि मग तूप-मीठ घालून हलक्या हातानं, नुसता वर-खाली करायचा. मळायचा नाही, घोटायचा तर नाहीच. एकदा मी शहाणपणा करून तो मिक्सरमधून काढला. नवा मिक्सर, माझ्या माहेरचा, मला त्याचा केवढा तोरा! पातेल्यात जे आलं ते पोस्टर चिकटवायच्या खळीसारखं होतं. वहिनींनी चमचा त्यात उभा केला आणि सोडला. चमचा पडेना. "सुनंदा, ह्याच्यानं आता पतंग चिकटव," म्हणाल्या. मग माझं तोंड बघून हळू आवाजात समजावलं, "बटाट्याला घाई सोसत नाही गं. तू आपली कायम घोड्यावर बसलेली."

घोड्यावर बसलेली हे खरंच. मी फटकळ, मला सगळं झटपट हवं. त्या हळू. एक काम घेतलं की दुसरीकडे बघायच्या नाहीत. आमची भांडणं झाली नाहीत असं नाही, पण माझ्या तीन वाक्यांना त्यांचं एक, तेही दुसऱ्या दिवशी, असल्या भांडणात मजा कसली? प्रेसमधून त्यांनी काय काय काढलं! आंटींकडून शिकलेल्या टिक्क्या, उन्हाळ्यातल्या साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या, उपासाला रताळ्याच्या पोळ्या. वड्याच्या भाजीला मात्र प्रेस नको म्हणायच्या, वड्यात फोडी लागल्या पाहिजेत. मला दिवस गेले आणि चौथ्या महिन्यापर्यंत पोटात पाणी ठरेना, तेव्हा त्यांनी रोज एक बटाटा दाबून, साईचं दही घालून, माझ्यापुढे वाटी ठेवली. "चाखून टाकून दे, चालेल," म्हणायच्या. मी टाकलं नाही. माझा मुलगा त्या वाटीवर वाढला असं मी आजही मानते.

पुढे आम्ही बदलापूरला, बेलवलीत आलो, त्यांनी चिखलोलीला नव्या इमारतीत घर घेतलं. भाऊजी गेले. वैशालीचं लग्न झालं नाही, तिनं केलं नाही. मायलेकी दोघीच राहायच्या. आणि गेल्या दिवाळीनंतर वहिनींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तेही एक वेळ चाललं असतं, पण गिळणं बिघडलं. व्यायाम घ्यायला यायची ती मुलगी रोज बजावायची, "पाणी पातळ नको, घासात गाठ नको आणि काही चिकट नको. चिकट असेल तर ते घशात बसेल आणि त्यांना खोकून काढता येणार नाही." मऊ भात दिला तर शितं घशात राहायची. वैशालीनं शिरा करून बघितला, पेज करून बघितली. दहा दिवसांत वहिनींच्या हाताची हाडं दिसायला लागली. मग एका दुपारी मी प्रेस काढला. तूप घातलेला बटाटा त्यांनी तोंडात घेतला, जीभ फिरवली, गिळला आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं. मी आणि वैशाली एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. तेव्हापासून ठरूनच गेलं. वैशाली सकाळी कामावर जायची, दुपारचं जेवण माझं. साडेतीन महिने मी बेलवलीहून रिक्षानं जायची, दोन बटाटे उकडायची, दाबायची, भरवायची. प्रेसचे दांडे जड आहेत. माझं मनगट सुजायचं. तरी तो दाबत होते, हे खरं आहे. एक दिवस सोडून.

त्या दिवशी शिरगावला आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं केळवण होतं. चारला पोचायचं होतं. बटाटे उकडून झाले आणि मला फोन आला, कोण कुणाबरोबर येणार, ओटीला काय न्यायचं... मी गॅलरीत उभी राहून वीस मिनिटं बोलले. आत आले तर बटाटे गार. एक वाटीत घालून दाबला. उतरेना. मनगटातून कळ आली. पुन्हा उकडायला अर्धा तास हवा होता. वैशालीचा मिक्सर ओट्यावरच होता... मी दोन्ही बटाटे सोलून त्यात टाकले, वर दूध घातलं आणि फिरवलं. झाकण काढल्यावर तार सुटताना मला दिसली. ते काय आहे हे मला कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी आणखी थोडं दूध घातलं, चमच्यानं ढवळलं, आणि एक दिवस चालेल म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, मला माझा आवाज आठवतो.

चौथ्या घासाला ठसका लागला. ठसका म्हणजे आवाज तरी होतो. हा आवाज अर्ध्यातच थांबला. त्यांचे डोळे मोठे झाले, ओठ काळेनिळे पडले. मी त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घातलं. बोटाला तो चिकट गोळा लागला, थोडा निघाला, बाकी निघाला नाही. शेजारच्यांनी गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये श्वास परत आला, पण डॉक्टर म्हणाले, अन्न फुप्फुसात गेलंय. दोन दिवसांनी न्यूमोनिया झाला. "गिळण्याचा त्रास असलेल्या पेशंटला हे कधीही होऊ शकतं, कितीही काळजी घेतली तरी," असं त्यांनी वैशालीला समजावलं. ती माझा हात धरून उभी होती. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "नेहमीसारखंच भरवत होते गं..."

आणखी एक आहे. त्या संध्याकाळी वैशाली हॉस्पिटलमध्ये बसली आणि मी कपडे आणायला चिखलोलीला गेले. दार उघडून मी पहिलं काम कुठलं केलं असेल? मिक्सरचं भांडं घासलं. पात्याखाली बोटं घालून घासलं. पुसून जागेवर ठेवलं. मग प्रेस घेतला, त्याच्या भोकांत अडकलेला गार बटाटा खरवडून टाकला, नळाखाली धुतला आणि सगळ्यांना दिसेल असा जाळीवर पालथा घातला. वहिनी तिकडे ऑक्सिजनवर होत्या आणि मी इकडे पुरावा मांडत होते. नवव्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

तेराव्याची पंगत उठल्यावर वैशालीनं मला आत बोलावलं आणि जुन्या मऊ साडीत गुंडाळलेला प्रेस माझ्या हातात दिला. "काकू, हा तुम्हीच न्या. मला बघवत नाही आणि दुसऱ्या कुणाला द्यावासा वाटत नाही. त्या गडबडीतसुद्धा तुम्ही तो धुवून ठेवला होतात... मी मैत्रिणींना सांगते, अशी काकू पाहिजे." मी तो घेतला. नाही कसं म्हणणार? घरी आणून ओट्याखाली ठेवला, आणि त्यानंतर आमच्या घरात बटाटा शिजला नाही. नवऱ्यानं एकदा विचारलं. मी खेकसले.

परवा न राहवून मी चिखलोलीला गेले आणि वैशालीला सगळं सांगितलं. मिक्सर, केळवण, घासलेलं भांडं, पालथा घातलेला प्रेस. ती पलंगावर बसून ऐकत होती. रडली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, मी त्याचीच तयारी करून गेले होते. माझं सांगून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "आईला कळलं होतं का, बटाटा मिक्सरमधला आहे ते?"

"नाही गं," मी म्हणाले. "त्यांना आता तेवढं कुठे कळत होतं..."

तिनं मान हलवली. "मग ठीक आहे," म्हणाली आणि चहा टाकायला उठली. मी तिच्या हातचा चहा प्यायले, बिस्किटही खाल्लं. रिक्षात बसल्यावर मला कळलं, की एक खोटं पुसायला गेले आणि दुसरं ठेवून आले. फोन करून सांगायचा प्रयत्न केला. दोनदा तिनं उचलला आणि दोन्ही वेळा मी गॅसच्या नंबराचं विचारून फोन ठेवला. तोंडानं मला जमत नाही, एरवी माझी जीभ कुणाला ऐकत नाही तरी. वैशाली, तू रविवारची पुरवणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतेस. म्हणून इथे लिहिते आहे. हे वाचून तू मला दार उघडलं नाहीस तरी मी समजेन.

त्यांना कळलं होतं. पहिल्याच चमच्याला. घास तोंडात गेला आणि त्या थांबल्या, जीभ टाळूला लावून, उमजल्यासारख्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी घरूनच केळवणाची साडी नेसून आले होते, जांभळी, काठाची. त्यांनी ती साडी पदरापासून निऱ्यांपर्यंत बघितली, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते तेही बघितलं. डावा हात त्यांचा चांगला होता. वाटी ढकलायची असती तर ढकलता आली असती. त्यांनी तो घास मोठ्या कष्टानं गिळला, आणि मला उशीर होऊ नये म्हणून मी चमचा भरायच्या आधीच तोंड उघडलं.