जीभ चिकटणारा दगड

“आवो मॅडम, दगड काय चाटताय! त्यात जीव असतील!”

वरून सुशीलाआक्का ओरडल्या, तेव्हा मी त्यांच्या नव्या विहिरीच्या तळाशी उकिडवी बसले होते आणि माझ्या जिभेला पांढरट दगडाचा तुकडा चिकटला होता. तोंडात दगड असताना माणूस उत्तर काय देणार? मी नुसता हात हलवला.

माझी सगळी नोकरी बेळगावात, जमिनीखालचं पाणी शोधण्यात गेली. निवृत्त झाले तरी लोक बोलावतात. हे बोलावणं निपाणीजवळच्या एका गावातून होतं, बाळगोंडा आण्णा आणि सुशीलाआक्का या जैन शेतकरी जोडप्याचं. चातुर्मासात दिगंबर जैन मुनिमहाराज आपल्या गावात थांबावेत, ही आक्कांची आस. पण महाराजांच्या आहाराला विहिरीचंच पाणी लागतं, बोअरचं चालत नाही. पाणी फडक्यानं गाळलं की फडक्यावर राहतात ते बारीक जीव, म्हणजे जिवाणी, परत त्याच पाण्यात अलगद सोडायची असते. बोअरच्या पाइपात ती कशी सोडणार? गावची जुनी विहीर रस्ता रुंद करताना बुजवली, आणि तेव्हापासून महाराज गावावरून पुढे जाऊ लागले.

“सासूबाईंच्या हातनं महाराजांचा आहार झाला. माझ्या हातनं येकदा तरी होऊ दे,” आक्का फोनवर म्हणाल्या होत्या. गुडघ्यांनी बेजार झालेली बाई. मला नाही म्हणवेना.

विहीर खणून झाली होती, पाण्याचा पत्ता नव्हता. वरचा दगड काळा, तळाचा पांढरट.

“आणि खाली जाऊया मॅडम,” खोदाईचा कंत्राटदार मारुती म्हणाला. “फरशीगत थर हायत बघा. थराच्या दगडात पाणी घावतंयच.”

“थर दिसला की झाला गाळाचा खडक, व्हय रं? वरचा काळा दगडही पापुद्र्यानं सुटतोय की. तो तर लाव्हा थिजून झालेला.”

मग त्याला एकेक करून दाखवलं. नखानं ओरखडा उठला, म्हणजे दगड मऊ. जीभ चिकटली, म्हणजे त्यात चिकणमाती. ॲसिडचा थेंब टाकला तर फसफसला, म्हणजे चुनाही आहे. शेवटी भिंग लावलं आणि मीच “अगं बाई!” म्हणाले. दगडात इवल्याशा गोगलगायींचे शंख होते. नोकरीत असे दगड कितीदा पाहिले, तरी दर वेळी जीव हरखतो.

तुकडा घमेल्यातून वर पाठवला. आक्कांनी चष्मा पुसून बघितला.

“जित्या हायत?”

“नाही हो. एकदा लाव्हा वाहिला, थिजला. मग पुष्कळ काळ शांत गेला, खोलगटात तळं साचलं. गढूळ पाण्याची बादली ठेवली की तळाला गाळ बसतो ना, तसा त्या तळ्यात बसत गेला. त्यात या गोगलगायी मेल्या आणि पुरल्या गेल्या. मग वरून पुन्हा लाव्हा आला. कित्येक कोटी वर्षं झाली त्याला.”

“म्हंजे आमच्या खोदाईनं न्हवं?”

“नव्हे!”

आक्कांनी हुश्श केलं आणि दगडाला हात जोडले.

मला मात्र उत्तर सापडलं होतं. चिकणमातीचा खडक पाणी खाली जाऊ देत नाही. काळ्या दगडाच्या भेगांतून उतरलेलं पाणी या थरावर येऊन अडणार. म्हणजे पाणी तळात नाही, दोन दगडांच्या सांध्यात आहे. अजून खाली गेलो असतो तर नुसती माती खाल्ली असती.

सांध्यावरून हात फिरवत निघाले. कोरडा, कोरडा, कोरडा. एका बाजूला भिंतीचं पोट पुढं आलेलं, त्यावर ओली पोती टांगलेली.

“हे काय झाकलंय?”

मारुतीनं वर बघितलं. काठावर उभ्या आण्णांनी आक्कांकडं बघितलं.

“तिकडं हात लावू नका,” आक्का म्हणाल्या. “तिथं जीव हायत.”

पोतं उचललं. खाली शेवाळ, दोन बेडकं आणि चांगल्या जित्याजागत्या गोगलगायी. खणताना त्या दिसल्या, तशी आक्कांनी त्या बाजूला पहारच लावू दिली नव्हती. शिवाय त्यांना ऊन लागू नये म्हणून पोती भिजवायला लावत होत्या. आता या बाईवर रागवावं की तिच्या पाया पडावं?

“आक्का, पाणी असेल तर ते यांच्याच मागं आहे. पण ही ओल खडकाची की पोत्यांची, ते कळायला हवं. पोती काढा. उद्यापर्यंत पाण्याचा थेंब घालायचा नाही.”

“मरतील की वं!”

“ओल खडकाची असेल तर नाही मरणार.”

मी मुक्कामाला राहिले. आक्कांनी रुसूनच वाढलं, पण वाढलं मात्र पोटभर. सकाळी उतरून बघितलं, शेवाळ तसंच ओलं होतं आणि खालून थेंब गळत होता.

मग आण्णा शिडीनं उतरले. वरून आक्का “हळू वं! तो डावीकडचा ऱ्हायला!” म्हणून ओरडत होत्या आणि आण्णा एकेक जीव शेवाळासकट ओल्या फडक्यावर घेत होते. सगळे जीव ओढ्याकाठी सावलीत पोचले, तेव्हाच मारुतीच्या पहारीला परवानगी मिळाली. भिंतीचं पोट उतरवलं, आणि सांध्यातून बोटाएवढी धार लागली. मारुतीनं शिट्टी मारली. आक्का काठावर बसून रडायलाच लागल्या.

चातुर्मासात महाराज थांबले. आहाराच्या दिवशी मी गेले होते. आक्कांनी पाणी गाळलं, फडकं उलटं करून धुतलं आणि जिवाणीची बादली दोरानं पाण्यापर्यंत सोडून हळूच उपडी केली. भिंतीवर शेवाळ पुन्हा धरलं होतं आणि त्यावर एक बेडूक बसला होता. मारुतीनं तो मला मुद्दाम दाखवला.

आता कुणी विहीर दाखवायला नेलं की मी भिंग काढायच्या आधी घरच्या बाईला विचारते, इथं काय झाकून ठेवलंय का?

त्या आहाराच्या दिवशी निघताना आक्कांनी माझ्या हातात तो शंखांचा दगड ठेवला. स्वच्छ धुतलेला.

“गाळलेल्या पाण्यानं धुतलाय,” त्या म्हणाल्या. “आता खुशाल चाटा.”