घोंगडी नेसलेली पंगत

जेवायला बसताना अंगावर काय असावं, याचे नियम कोणी माझ्यासमोर सांगू लागलं की माझं डोकं फिरतं. माणसानं हातपाय धुवावेत, स्वच्छ नेसावं आणि पानावर बसावं. यापुढं ज्याला काही सांगायचं असेल त्यानं माझ्या घरी जेवायला येऊच नये. मुलं म्हणतात, आई, एवढं चिडण्यासारखं काय आहे त्यात? आहे. माझ्या लग्नाच्या पंगतीत ते घडलं, निजामी होती तेव्हा, आणि निजामी जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग काही गेलेला नाही.

माझे आईवडील मी पाच वर्षांची असतानाच गेले. मामा-मामींनी मला चुडाव्याजवळच्या आपल्या खेड्यात नेलं आणि पोटच्या पोरीसारखं वाढवलं. मामांकडं थोडी जमीन आणि थोडी भिक्षुकी. माणूस गरीब, पण कोणापुढं हात न पसरणारा. माझ्या लग्नात त्यांची हौस एकच होती. कन्यादान आपण करायचं, आणि नंतर व्याह्यांच्या समोर पहिल्या पंगतीत, मुलीच्या बापाच्या पानावर आपण बसायचं. मला बाप नाही असं पुढं कोणी म्हणू नये, म्हणून त्यांना ते पान हवं होतं. मामी चेष्टा करायच्या, "कवापासनं पंगतीतच बसलेत हे, लगीन राह्यलंय बाजूला."

सासर परभणीचं. सासरे तिथं कचेरीत पेशकार होते. अव्वल तालुकदारांकडं, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरकडं, दावत असली की सासरे शेरवानी, रुमी टोपी आणि बूट घालून जात. शेरवानी नसेल तर दारावरचा चपराशी मोठ्या वकिलालाही आत सोडत नसे. दावतीत आपण फक्त फळं आणि विडा खातो, असं सासरे सांगत. खरं काय ते त्यांच्या टोपीला ठाऊक. भाऊबंदांत त्यावरून कुजबुज चालायची, आणि ती बंद करायला म्हणून घरच्या पंगतीत त्यांचं सोवळं शंकराचार्यांच्या वर गेलं होतं. बाहेर एक सोंग घ्यावं लागणारा माणूस घरात दुसरं सोंग जरा जास्तच रंगवतो, हे मला पुढं त्या घरात राहून कळलं.

लग्नाला चार दिवस राहिले असताना त्यांचं पत्र आलं. आमच्या पंगतीत रेशमी सोवळ्याशिवाय कोणी बसत नाही. लग्नघरात धुतलेलं धोतर शिवाशिवीतून वाचत नाही, सबब ते चालणार नाही. मुलीकडची अकरा माणसं आमच्यासमोर बसावीत आणि सगळी मुकट्यात असावीत. नाहीतर आम्ही पानावरून उठू.

"जेवायला येतेत का कापडं बघायला?" मामी म्हणाल्या.

 मुकटा म्हणजे नेसायचं रेशमी धोतर, आणि ते आमच्या खेड्यात कोणाकडं असणार? मामा घरोघर फिरून आले. सगळ्या ब्राह्मणवाड्यात मिळून चार मुकटे निघाले. त्यातला एक उंदरानं कुरतडलेला, दुसऱ्याचा रंग पूर्वी कोणता होता ते सांगता येत नव्हतं. चौथा मामांचा स्वतःचा, त्यांच्या वडिलांच्या वेळचा, रोजच्या पूजेचा. माणसं अकरा आणि मुकटे चार. पानावरून व्याही उठला तर लग्न मोडत नाही, पण मुलगी सासरी जन्मभर त्याची बोलणी खाते. हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून त्या चार दिवसांत लाडू, मांडव, आहेर राहिले बाजूला आणि घरात चर्चा फक्त पुरुषांच्या कमरेखालच्या कापडाची.

शेवटी गावच्या भटजींनी तोड काढली. रेशीम नसेल तर लोकर. लोकरीला विटाळ नाही. रेशमापेक्षा कांकणभर अधिकच शुद्ध. आणि लोकर गावात काय, ढीगभर होती. गावाबाहेर धनगरांची वस्ती होती, तिथं घोंगड्या विणायचे. मामांचा चेहरा उजळला. त्यांनी त्याच दिवशी सात नव्या कोऱ्या घोंगड्या सांगून ठेवल्या.

आता इथं तरी थांबावं की नाही? नाही. दुसऱ्या दिवशी भटजी पुन्हा आले. त्यांना रात्रभर झोप नव्हती. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, खळ शिजवलेली असते, आणि शिजवलेली कोणाच्या भांड्यात? म्हणजे नवी घोंगडी चालणार नाही. पावसाळ्यात भिजून जिची खळ निघून गेली असेल अशी जुनी, वापरलेलीच हवी. मी ओसरीवर बसून हे ऐकत होते. मामींनी पहाटे उठून नदीवर आपटलेलं, दगडावर वाळवलेलं पांढरंशुभ्र धोतर ओवळं. आणि ज्या घोंगडीवर धनगर झोपला, त्याची शेळी व्याली, त्याचं कुत्रं लोळलं, ती सोवळी. मी हसले, तेव्हा भटजी माझ्यावरच डाफरले. पोरीच्या जातीनं शास्त्रात बोलू नये, म्हणे.

धनगर भले. त्यांनी हसत हसत आपल्या पांघरायच्या सात घोंगड्या दिल्या आणि वर विचारलं, "महाराज, वैशाखात थंडी पडायलीय का बामनवाड्यात?"

लग्नाच्या आदल्या दिवशी सेलूहून माझे चुलते आले. सख्खे. कापसाच्या व्यापारात बरं चाललेलं. अकरा वर्षांत पोर जिवंत आहे का मेली, याची चौकशी नाही. पण लग्नाला मात्र जरीचा रुमाल बांधून हजर. पंगतीची हकिगत कळल्याबरोबर ते अडून बसले. "मी मुलीचा चुलता. मी घोंगडी नेसून बसू? मग मी निघतो." जा म्हणावं ना! पण मामांनी तसं म्हटलं नाही. चुलता रुसून गेला तर तेही माझ्याच पदरात पडणार होतं. सकाळी त्यांनी मुकटा नेसून कन्यादान केलं आणि लगेच आत जाऊन तो सोडून चुलत्यांच्या हातात दिला. राहिलेले तीन मुकटे गावातल्या म्हाताऱ्यांना गेले. स्वतः मामांनी सातातली सगळ्यात जाड घोंगडी घेतली. पातळ होत्या त्या त्यांनी इतरांना दिल्या होत्या.

पंगत बसली तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. वैशाखातलं परभणीकडचं ऊन ज्यानं सोसलं नाही त्याला काय सांगावं. मांडवाखाली एका ओळीत परभणीकर, रेशमी मुकटे, गळ्यात सोन्याचे गोफ. समोरच्या ओळीत आमचे चार रेशमात आणि सात घोंगडीत. उघड्या अंगाची सात माणसं, कमरेला काळी खरखरीत घोंगडी गुंडाळलेली, वरून सुतळीनं आवळलेली. शेळीचा वास घामाबरोबर उठत होता. कोणाच्याही मांड्यांना चैन नव्हती. खाजवायची सोय नाही, आणि पानावरून उठायची तर अजिबात नाही. एकजण डाव्या हातानं हळूच गुडघा चोळायचा, की शेजारच्याला तिथंच खाज सुटायची.

तूप वाढायचं काम नव्या नवरीचं. भातावर तूप पडल्याशिवाय अन्नशुद्धी होत नाही, आणि तोवर कोणी घास उचलत नाही. मी परभणीकरांची ओळ वाढत संपवली आणि आमच्या ओळीत पहिल्या पानाशी आले. मामांचं पान. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब होता आणि तो पानात पडू नये म्हणून ते मान वर करून बसले होते. सुतळीच्या कडेनं कमरेवर लाल चट्टा उठला होता. आणि तरी ते हसतमुख. व्याह्यांकडं बघून "सावकाश होऊ द्या" म्हणत होते.

सासरे म्हणाले, "मामासाहेब, मिजाज बरा आहे ना? नाही म्हटलं, थंडी तर वाजत नाही?"

ती सगळी ओळ हसली. ती हसली त्याचं मला काही वाटलं नसतं. पण आमच्या ओळीतला माझा चुलता हसला. मामांचा मुकटा नेसून, मामांच्या उजव्या हाताला बसून, मान हलवत हसला.

मी तुपाचं भांडं खाली ठेवलं.

"काय झालं?" कोणीतरी विचारलं.

"तूप संपलं," मी म्हणाले.

भांडं काठोकाठ भरलेलं. साऱ्या मांडवाला दिसत होतं. सोळा वर्षांची होते मी, गळ्यात मंगळसूत्र पडून दोन तासही झाले नव्हते, आणि पायाचा अंगठा जमिनीत रुतवून मी उभी होते. सासऱ्यांचं हसू गेलं. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन तोंडावर पदर धरून उभ्या राहिल्या. मी नवऱ्याकडं पाहिलं. तो पानाकडं बघत होता. पुढं संसारात त्याला कितीदा विचारलं, तेव्हा गप्प का बसलात? तो म्हणायचा, "मी काय करणार होतो?" काही नाही, मलाही तूप नको एवढं म्हणाला असता तरी मला पुरलं असतं.

"भांडं तर भरलेलं दिसतंय," सासरे म्हणाले.

"संपलं."

तेव्हा मामा बोलले. माझ्याकडं न बघता, माझ्यापुरतं. "माय, भात निवायलाय. वाढ."

मी हलले नाही.

"तुला त्या घरी ऱ्हायचंय," ते म्हणाले. "मला एक दुपार बसायचंय. वाढ, माय."

मी भांडं उचललं आणि वाढलं. मामांना, चुलत्याला, शेवटच्या पानापर्यंत सगळ्यांना. कोणीतरी नाव घे म्हणालं, तर नावही घेतलं. पंगत नीट पार पडली. व्याही तृप्त होऊन उठले आणि मामांनी त्यांच्या हातावर पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड चुडाव्याच्या स्टेशनावर गाडीत बसलं. सासऱ्यांनी शेरवानी आणि टोपी घातलेली. चुडावा ते परभणी प्रवास तो केवढा! पण पूर्णा यायच्या आत त्यांना भूक लागली. मामींनी बांधून दिलेल्या पुऱ्या त्यांनी काढल्या आणि टोपीसकट, बुटासकट, शेजारी कोण बसलंय न बघता खाल्ल्या. मी टक लावून पाहत होते. त्यांच्या ते लक्षात आलं. "सफरीत दोष नसतो," ते म्हणाले.

म्हणजे दोष कुठं असतो, तर गरिबाच्या मांडवात.

चुलते मुकटा घेऊन सेलूला गेले तो गेलाच. कधी परत आला नाही. मामांनी मागितला नाही. कमरेच्या चट्ट्याच्या जखमा झाल्या आणि मृगापर्यंत चिघळत राहिल्या, असं मला मामींकडून कळलं. मामा मात्र गावात सांगत, पंगत लय नामी झाली.

त्यानंतर मामा परभणीला यायचे. कधी बाजारासाठी, कधी कचेरीच्या कामाला. मला भेटायचे, ओसरीच्या कडेला बसायचे, आणि जेवायचं म्हटलं की म्हणायचे, "आत्ताच जेवलो." कुठं? "स्टेशनावर." स्टेशनावरचं कशालाही न शिवणारा तो माणूस. मला पहिल्याच खेपेला कळलं. आमच्या घरी रोजच्या पंगतीलाही मुकटा लागायचा, आणि त्यांच्याकडं तो नव्हता. सासऱ्यांच्या पेटीत पाच पडलेले. मागितला असता तर दिलाही असता, आणि मग वर्षभर ते परभणीत सांगत फिरले असते. मामा मरून गेले असते पण तो नेसले नसते.

म्हणून मी नवऱ्याच्या मागं लागले. त्यानं सेलूच्या बाजारातून एक मुकटा आणून दिला, लिंबाच्या रंगाचा. त्या माणसानं केलेल्या शहाणपणाच्या कामांत ते एक. मी तो मामांना पाठवला आणि निरोप दिला की आता हा घेऊनच या, आता कारण चालणार नाही.

पुढच्या वर्षी मामा आले. मी पहाटे उठून अंबाडीची भाजी केली, लसणाशिवाय, पण भरपूर शेंगदाणे घालून, त्यांना आवडायची तशी. ज्वारीच्या भाकरी केल्या. पान मांडलं आणि बाहेर येऊन बघते तर मामांच्या हातात पिशवी नाही, काही नाही.

"मुकटा कुठंय?"

"शेजारच्या पोरीचं लगीन होतं," ते म्हणाले. "तिच्या बापाला दिला. आता गावात कुणाच्या लग्नाला अडायचं न्हाई बघ. दोन-तीन घरं फिरला तो तेवढ्यात."

मला हसावं की ओरडावं कळेना. "अन् इथं काय नेसून जेवणार तुमी?"

"मी जेवून आलोय, माय."

"मामा, मी पान आतल्या खोलीत नेते. कोणी येत नाही तिकडं. आहे त्या धोतरावर बसा. मला काही चालतं-बिलतं बघायचं नाही."

त्यांनी ओसरीकडं पाहिलं. सासरे झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. "तुला बोल लागंल," मामा म्हणाले, आणि पाणी पिऊन उठले. पुन्हा त्यांचं परभणीला येणं झालं नाही. हिवाळ्यात ते गेले.

मामा नुसतं पाणी पिऊन उठले त्या संध्याकाळी सासरे मुकटा नेसून पानावर बसले. अंबाडीची भाजी त्यांना फार आवडली. त्यांनी ती दोनदा मागून घेतली, आणि मी वाढली.