बेबीताईची कळशी

तर काल लिहिता लिहिता पाण्याच्या नमुन्याच्या बाटल्यांपाशी येऊन थांबलो होतो. एक काचेची, एक प्लास्टिकची, आणि दोघींना बसायला थर्माकोलचा डबा, आत बर्फ. संस्थेचा प्रसेनजित तो डबा मांडीवर धरून शकीलच्या ऑटोतून उतरला, तेव्हा वस्तीतल्या बायांना वाटलं, पोलिओचा डोस आला. अन्नपूर्णाबाईनं तर नातवाला झोपेतून उचलून आणलं.

"मावशी, हे पाण्यासाठी हाये," प्रसेनजित म्हणाला. "लेकराले घरी न्या."

"पाण्याले काय झालं? ताप?"

"तेच तर पाहाचं हाये."

आमची वस्ती म्हणजे पन्नास-साठ घरं. बरीचशी आम्हा बौद्धांची, कडेला शकीलसारखी आठ-दहा मुसलमानांची. नांदुऱ्याला जायला ऑटो, खामगावला जायला एसटी, आणि वस्तीच्या वरच्या अंगाला सरकीचं तेल काढणारी मिल. मिलचं पाणी उघड्या नालीतून आमच्या हापशीच्या बगलेनं वाहतं. तीन वर्षांपासून हापशी मारली की बादलीत पिवळट पाणी येतं, वर तेलाचा तवंग. त्यात डाळ शिजत नाही, अंगावर घेतलं की खाज सुटते. अर्जांवर अर्ज करून मागच्या उन्हाळ्यात टँकर मिळाला, आठवड्याला दोन खेपा. आणि जानेवारीत तालुक्याच्या ऑफिसातून कागद आला: हापशीचं पाणी खरंच वाईट आहे, असा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आणा, नाहीतर टँकर बंद. सुनावणी बारा मार्चला.

म्हणजे सगळा टँकर त्या दोन बाटल्यांत होता. आणि बाटल्या भरायचं काम होतं बेबीताईकडे.

बेबीताई खंडारे ही जानेफळची लेक. आमच्या वस्तीत सून म्हणून आली तेव्हा मी ग्रामपंचायतीत शिपाई होतो. तिचं नाव रेशन कार्डावर चढवायचा कागद मीच नेला होता. चौथी शिकलेली. वीस वर्षं कापूस वेचला, सोयाबीन सोंगलं, आणि आता पन्नाशी ओलांडल्यावर 'पाणवठा' संस्थेची गावकार्यकर्ती. मानधन महिना अडीच हजार. संस्थेचं ऑफिस खामगावात, सायकलच्या दुकानावर एक खोली. माणसं तीन, त्यात पळणारा एकटा प्रसेनजित. ज्या गरिबांच्या वस्तीजवळ कोणी घाण सोडतं, त्या वस्तीचं पाणी तपासून सरकारपुढं मांडायचं, हे त्यांचं काम. तीन गावं त्यांच्याकडे.

बेबीताईच्या घरचं पाणी हा एक वेगळाच विषय आहे. ती कुठलंही पाणी, टँकरचं असो की पावसाचं, पांढऱ्या धोतराच्या दुहेरी घडीतून गाळते. मग सात वेळा तुरटी फिरवते. मग रात्रभर निवळू देते, आणि राखेनं घासून आरशासारख्या केलेल्या कळशीत वरचं वर ओतून घेते. हे तिच्या मायनं लावलेलं वळण. माय म्हणायची, आपल्या दारात कोणी पाण्याला हात पुढे करत नाही. एखाद्यानं केलाच, तर त्याला नाव ठेवायला जागा राहू द्यायची नाही.

एकदा जनगणनेचा मास्तर आला होता. भर उन्हात घरोघर फिरून घशाला कोरड पडलेली, पण बेबीताईनं पेला पुढे केला तर म्हणाला, "नको नको, आत्ताच पिलो." हे वाक्य आम्ही जन्मापासून ऐकतो. ती पेला धरून तशीच उभी राहिली. मास्तरनं कागद भरले, पेन खिशाला लावलं, तरी ही उभीच. शेवटी त्यानं पेला घेतला, उजेडाकडे धरून पाहिला, पिला, आणि म्हणाला, "अजून एक द्या." ही गोष्ट बेबीताईनं मला निदान चाळीस वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी 'अजून एक द्या' म्हणताना ती मास्तरसारखी मान वाकडी करते.

आता पैशाचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बाटल्या आल्या त्याच दिवशी बेबीताईनं विचारलं होतं, "दादा, दोन-तीन वेळा भरून पाहू ना. एकदा इकडची, एकदा तिकडची."

"एकदाच ताई. एका तपासणीले अकरा हजार आठशे लागतात. तिन्ही गावाले एक-एकच बसवली हाये."

"अन् मांगं तं म्हणत होते, चौदा लाख आले?"

प्रसेनजितनं तिच्या फळीवरचे डबे खाली मांडले आणि आम्हाला संस्थेचा जमाखर्च समजावला. हा चहाचा डबा म्हणजे प्रशिक्षण. हा साखरेचा, जनजागृती. हा मोठा, मेळावे आणि अहवाल. आणि ही मोहरीची डबी, ती तपासणी. पैसे देणारे मुंबईत बसतात, तिथूनच डब्यांवर नावं टाकून येतात. साखरेच्या डब्यातला रुपया मोहरीच्या डबीत टाकला, तर पुढचा हप्ता बंद.

"अशी कशी तुमची रीत?" बेबीताई म्हणाली. "माह्या घरी तांदळाच्या डब्यात पैसे राह्यतात अन् मिरचीच्या डब्यात रेशन कार्ड. गरज पडली का हात घालतो."

"म्हणून तुमचं ऑडिट होत नाही ताई."

सगळे हसलो. प्रसेनजितही हसला; पण त्याचा स्वतःचा पगार चार महिने झाला नव्हता, हे आम्हाला नंतर शकीलकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या भरल्या. बेबीताईनं प्रशिक्षणात सांगितलेली एकही गोष्ट सोडली नाही. हात धुतले. बाटलीवर लेबल लावलं. तीन वेळा विसळली. आत हवेचा बुडबुडा राहू दिला नाही. झाकण फिरवून बर्फात ठेवली. हापशीच्या ओट्यावर हे सगळं चाललं होतं आणि प्रसेनजित मोबाईलवर व्हिडिओ काढत होता, कारण मुंबईवाल्यांना व्हिडिओ लागतो. तो त्याच दिवशी तिकडे गेला. तिकडून उत्तर आलं, फारच सुंदर. शकीलनं डबा नांदुऱ्याला नेऊन नागपूरच्या गाडीत चढवला.

अहवाल चार मार्चला आला. एक प्रत संस्थेला, एक प्रत सरळ तालुक्याच्या ऑफिसात. प्रसेनजित वस्तीत आला, बुद्धविहाराच्या पायरीवर बसला आणि कागद वाचला. सगळे घटक मर्यादेत. पाणी पिण्यास योग्य.

 मग एकदम सगळे बोलले, आणि सगळे शकीलवर तुटून पडले.

"काऊन बे शकील, बाटली रस्त्यात बदलली का?"

"मिलवाल्यानं किती देल्ले?"

"अल्ला कसम, मी तर चहा प्याले बी उतरलो नाही!" शकील रडकुंडीला आला. "बर्फ वितळून राह्यला होता म्हणून स्टेशनपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही मी. विचारा त्या गाडीवाल्याले!"

"गाडीवाल्याले काय विचारता? तो बी तुह्याच ओळखीचा."

बेबीताई खांबाला टेकून उभी होती. म्हणाली, "दादा, तो व्हिडिओ दाखवा."

प्रसेनजितनं मोबाईल पुढे केला. आम्ही दहा-बारा डोकी त्यावर वाकलो. ओटा दिसला, हापशी दिसली, बेबीताईचे हात दिसले. आणि त्या हातांत कळशी दिसली. घासलेली, उन्हात चमकणारी. बाटलीत पाणी हापशीतून पडत नव्हतं, कळशीतून पडत होतं. व्हिडिओ काढणाऱ्यानं पाहिला होता, मुंबईवाल्यांनी पाहिला होता, पण त्या कळशीकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं.

"ताई," प्रसेनजित हळूच म्हणाला, "हे पाणी तेव्हाच हापसलेलं होतं ना?"

"आदल्या सांजचं."

"गाळलेलं?"

"हाव. दोनदा. अन् तुरटी फिरवून ठेवलं होतं."

"काऊन पण?"

ती त्याच्याकडे अशी पाहत राहिली, की हा काय विचारतो. "नागपूरले चाललं होतं ना ते. मोठ्या ऑफिसात. तिथं बाटलीवर आपल्या वस्तीचं नाव. असं तवंगाचं पाणी कसं देऊ मी लोकाच्या हातात? काय म्हणतीन, ह्याहीच्या घरचं पाणी असंच राह्यते?"

प्रशिक्षणाच्या पुस्तकात छत्तीस सूचना आहेत. मी नंतर चष्मा लावून सगळ्या वाचल्या. गाळू नका, असं कुठं लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्याला ते सुचलंच नसेल.

शकीलनं सर्वांत आधी तोंड उघडलं. "भाभी, माह्यी तर इज्जतच काढली ना यांनी," तो म्हणाला, आणि मग तिचं तोंड पाहून, "जाऊ द्या. आता पुढचं पाहा."

पुढचं काय पाहायचं? बेबीताईनं मार्ग काढला. "दादा, माहं चार महिन्याचं मानधन बाकी हाये. दहा हजार. ते मले देऊ नका, त्यातून दुसरी तपासणी करा."

"वरचे अठराशे मी टाकतो," शकील म्हणाला.

प्रसेनजित पायरीवरची माती बोटानं कोरत बसला. "ताई, ते पैसे आलेच नाहीत ना. हप्ता आला का देणार होतो. अन् आले असते तरी लॅबले पंधरा दिवस लागतात. सुनावणी आठ दिवसांवर आली."

"मंग साखरेच्या डब्यात काय हाये?"

"शहाऐंशी हजार."

"अन् ते?"

"एकतीस मार्चच्या आत जनजागृतीवर खर्च कराचे, नाहीतर परत."

तिनं पदर तोंडाला लावला. रडत होती की हसू दाबत होती, मला कळलं नाही. दोन्ही असेल.

सुनावणीला आम्ही शकीलच्या ऑटोत पाच जण कोंबून गेलो. मिलचा मॅनेजर आधीच येऊन बसला होता. त्याला काही बोलावंच लागलं नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, अहवाल त्यांच्याच संस्थेचा आहे."

बेबीताई उठून उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं, धोतर, तुरटी, कळशी, काही लपवलं नाही. मग पिशवीतून एक बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. पहाटे हापशीतून भरलेली, न गाळलेली. मी शेजारी होतो, मला दिसलं. बाटली पिशवीतून काढताना तिनं ती पदरानं पुसली, आणि साहेबाकडे न पाहता ठेवली. वरच्या बाजूला दोन बोटं पिवळा थर होता.

साहेब भला माणूस. बाटली हातात घेऊन खिडकीकडे धरली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाला, "ताई, तुमचं खरं असेल. पण याच्यावर सील नाही, सही नाही. माझ्यासमोर कागद हा आहे." प्रसेनजितकडे वळून म्हणाला, "नमुना चुकीचा घेतला असं संस्था लेखी देते का?"

प्रसेनजितनं पेन काढलं. पण तो काय विचार करत होता ते आम्हाला ठाऊक होतं. लेखी दिलं तर बाकी दोन गावांच्या अहवालांवरही बोट, मुंबईचा हप्ता गेला, आणि संस्था बंद. तरी त्यानं लिहिलं. साहेबानं ते वाचलं, फाईलला लावलं आणि सांगितलं, "नवीन अहवाल आणा, मग फेरविचार करू. तोपर्यंत टँकर देता येणार नाही." शिपायानं बाटली उचलली, खाली तेलाचा गोल उमटला होता तो फडक्यानं पुसला, आणि बाटली दाराबाहेर कोपऱ्यात ठेवली. परत येताना बेबीताईनं ती पिशवीत घालून घेतली.

टँकर त्याच आठवड्यात थांबला. हप्ताही थांबला; मुंबईहून पत्र आलं, चौकशी होईपर्यंत.

आणि साखरेच्या डब्यातले पैसे मात्र पडून होते, ते खर्चावेच लागले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पेंटर आला आणि हापशीमागच्या भिंतीवर हे एवढं चित्र काढून गेला. त्या व्हिडिओतलंच. बेबीताई, हातात कळशी, कळशीतून पडणारी धार, आणि वर अक्षरं: स्वच्छ पाणी, माझा हक्क. तो धार रंगवत होता तेव्हा बेबीताई बादली घेऊन रांगेत उभी होती.

"भाऊ, निळा कायले लावता? जसं येते तसं पिवळं काढा ना."

"निळ्याचेच डबे आणले हो बाई," पेंटर म्हणाला.

आता वस्ती तेच पाणी पिते. बेबीताई दारोदार जाऊन धोतराची घडी कशी घालायची आणि तुरटी किती फिरवायची ते दाखवते. पण गाळून-निवळून होतं ते पिण्यापुरतं; अंघोळीला हापशीचंच, त्यामुळे खाज जात नाही. अन्नपूर्णाबाईच्या नातवाच्या पाठीवर चट्टे उठलेत. तुरटी आता बेबीताई स्वतःच्या पैशानं आणते. मानधन अजून आलं नाही.

परवा प्रसेनजित आला होता. ऑटोनं नाही, सायकलवर, उन्हातान्हात. ऑफिसची खोली सोडली म्हणाला, कागदपत्रं घरी नेलीत, दुसऱ्या एका ठिकाणी अर्ज टाकला आहे, पण सहा महिने तरी काही कळणार नाही. बेबीताईनं त्याला पाणी दिलं. त्यानं पेला उजेडाकडे धरला नाही, एका दमात पिला. मग म्हणाला, "ताई, समजा पैसे आले. पुन्हा नमुना घ्याचा झाला, तर तुम्ही भरसाल का?"

 ओलं धोतर पिळून तिनं दोरीवर टाकलं, कळशी पालथी घातली. मग जे म्हणाली, ते जसंच्या तसं लिहितो:

"भरीन ना दादा, मी नाही तं कोण भरीन. आता समजलं, हापशीखाली बाटली धराची अन् जसं येते तसं द्याचं. पण त्या दिवशी साहेबापुढं ती बाटली ठेवताना मले त्याच्याकडे पाहावलं नाही. आमच्या मायनं सगळं शिकवलं, घाण पाणी दुसऱ्याच्या हातात कसं द्याचं ते नाही शिकवलं. तेवढं तुमच्या ट्रेनिंगमंदी एकदा शिकवून द्या."