माहेर नावाचं गाव

तुमचा देश कुठला, असं कोणी विचारलं की ताई टेबलावर साखरेचा एक दाणा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हा. आता शिंकू नका."

मॉरिशसच्या त्या. इकडे आखातात, रुसैलला आमचा गोळ्या-चॉकलेटांचा कारखाना होता. तिथला पाक सांभाळायला त्यांना खास बोलावून घेतलं होतं. मी खरेदी विभागात. सकाळी कंपनीची बस आम्हा दोघांनाही मत्रहमधून उचलायची. ताई पन्नाशीच्या, बुटक्या, अंगात कायम पँट-शर्ट. पहिल्याच दिवशी माझं आडनाव ऐकून त्या एकदम वळल्या. "भाऊ, बरा हाय? आमी पन मराठी!"

एवढ्यावर त्यांचं मराठी संपलं. पुढचं सगळं हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत. "आयो, शाळेत मराठीचा तास होता. पण मी फ्रेंच घेतली!" त्यांच्या पणजीला कोकणातून जहाजानं उसाच्या मळ्यात कामाला नेलं होतं, एवढंच घरात ठाऊक होतं.

आपल्या बेटाबद्दल बोलायला लागल्या की त्यांना थांबवणं अवघड. "आमच्याकडे मूळचं कोणीच नाही, भाऊ. मूळचा एक डोडो पक्षी होता, त्याला आलेल्या पाहुण्यांनी संपवलं. आता सगळेच पाहुणे!" आफ्रिकेतून आणलेले, बिहारातून, मद्रासकडून, चीनमधून आलेले. ईदची बिर्याणी सगळ्या गल्लीची, नाताळचा केक सगळ्या गल्लीचा, आणि गणपतीत नाचायला शेजारचा चिनी दुकानदार सगळ्यांच्या पुढे. वादळाचा इशारा आला की खिडक्यांना फळ्या ठोकायच्या आणि सगळ्यांनी एका घरात पत्ते खेळत बसायचं. "छप्पर उडालं तर?" मी विचारलं. "मग दुसऱ्याच्या घरात खेळायचं. कोरेक!" हे कोरेक म्हणजे 'सगळं ठीक'. ते त्या दिवसातून शंभरदा म्हणायच्या.

शुक्रवारच्या सुट्टीत मत्रहच्या किनाऱ्यावर एकट्याच बसलेल्या दिसायच्या. "समुद्र आमच्यासारखाच आहे," म्हणायच्या, "पण इथले उघडेबोडके डोंगर बघून तहान लागते."

एकदा बसमध्ये त्यांनी विचारलं, "भाऊ, मुंबईहून माहेरची गाडी कुठून सुटते?"

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्या गंभीर होत्या. "पणजीचं गाव. माहेर. मळ्यात काम करताना ती रडायची म्हणे, माझं माहेर लांब, माझं माहेर लांब. आजीनं आईला सांगितलं, आईनं मला. मे महिन्यात रजा घेतलीय. जाऊन बघणार."

"चौकशी करतो, इन्शाल्ला," असं पुटपुटलो आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

घरी बायकोला सांगितलं. तिनं गॅस बारीक केला. "अहो, सांगायला हवं त्यांना. मुंबईत उतरून कोणाकोणाला विचारत फिरतील त्या?"

शुक्रवारी त्यांना जेवायला बोलावलं. पानावर बसल्यावर बायकोनंच विषय काढला. "ताई, माहेर हे गावाचं नाव नाही हो. लग्न झालेल्या बाईच्या आईचं घर, त्याला आम्ही माहेर म्हणतो. प्रत्येकीचं वेगळं."

ताईंचा हात भातातच थांबला. "मग गावाचं नाव काय?"

"ते आता कसं कळणार?"

त्या हसायला लागल्या. "आयो! माझ्या भावानं घराच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, माहेर!" हसता हसता त्यांचा चेहरा बदलला. "पोर असेल ती तेव्हा. तिला आईकडे जायचं होतं. आणि आम्हाला वाटलं, गाव."

बायकोनं त्यांच्या पानात वरण वाढलं. "रजा रद्द करू नका. मेमध्ये मी राजापूरकडे माझ्या माहेरी जातेय. तुम्ही माझ्याबरोबर चला."

"आणि तुझ्या आईला काय सांगायचं, मी कोण?"

"ती विचारणार नाही."

खरंच विचारलं नाही. मी रुसैललाच होतो; हे सगळं बायकोकडून कळलं. सासूबाईंना ताईंची भाषा येत नव्हती, ताईंना त्यांची. तरी दोघी पडवीत विळ्या घेऊन लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसायच्या. मधूनच ताई म्हणायच्या, "कोरेक?" आणि सासूबाई फोडी बघून म्हणायच्या, "कोरेक."

निघायच्या दिवशी सासूबाईंनी ओटी भरायला तांदूळ-नारळ आणले. ताई पँट-शर्टात. पदर कुठून आणायचा? बायकोनं आपली ओढणी त्यांच्या खांद्यावर टाकली आणि तिची टोकं त्यांच्या हातात दिली. "माहेराहून रिकामी जाऊ नये गो," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या मेमध्ये ये." रिक्षा वळणापर्यंत गेली तरी ताई मागे वळून बघत होत्या. राजापूर येईपर्यंत त्यांनी ओटी बांधलेल्या ओढणीची गाठ सोडली नाही.

पुढचा मे उजाडलाच नाही. कारखान्यातला पाकाचा विभाग बंद झाला आणि ताई मॉरिशसला परतल्या. फोन येतो अधूनमधून.

सासूबाई अजूनही दर उन्हाळ्यात लेकींसाठी लोणच्याच्या तीन बरण्या भरतात. दोन पोटच्या लेकींकडे जातात. मॉरिशसला जाणारं माणूस काही भेटत नाही. पाऊस सरला की तिसरी त्या घरातच फोडतात.