कोंडीबाची कुत्री

गिरणीतली रातपाळी संपवून हिंदुराव सकाळी आडवा झाला, की शेजारच्या कोंडीबाची दोन कुत्री भुंकायला लागायची. कौलावर कावळा बसला तरी त्यांना ते खपत नसे. कोंडीबाला त्याचा त्रास नव्हता. उभा जन्म मागांच्या खडखडाटात काढून त्याचे कान गेले होते. कानाशी तोंड नेऊन ओरडल्याशिवाय त्याला ऐकू येत नसे. दारात कुणी आलं, की कुत्रीच भुंकत आत जाऊन त्याचं धोतर ओढायची. हिंदुराव आपल्या उंबऱ्यातून शिव्या घालायचा, तर म्हातारा हसून म्हणायचा, "ये की, तंबाखू खा."

एके दिवशी हिंदुरावाचं डोकं फिरलं. भाकरी दाखवत त्यानं कुत्री स्टेशनावर नेली आणि कुर्डुवाडीच्या मालगाडीत चढवून दिली. मग तो मेल्यागत झोपू लागला. म्हातारा मात्र गल्लोगल्ली कुत्री शोधत फिरला.

पुढं मंगळवेढ्याहून कोंडीबाचा जावई आला. लेक बाळंतपणात गेली होती. तो हिंदुरावाला म्हणाला, "मागल्या म्हयन्यात ती बापाला भेटाय आलती. लई दार वाजवलं म्हणं. कुत्रंबी भुंकंना, तवा म्हातारा गावाला गेला आसंल म्हणून माघारी फिरली."

कोंडीबा समोरच बसून दोघांच्या ओठांकडं बघत होता.

त्याला खरं सांगून टाकावं, असं हिंदुरावाला रोज वाटे. पण त्याला काही सांगायचं म्हणजे बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.