तनुजाचं सगळं हिरवं

तनुजा वाघोलीत नीट जेवत नाही, ही शंका नम्रताताईंच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती. कोथरूडहून त्या रोज लेकीला फोन करत.

"जेवलीस?"

"हो."

"बरी आहेस ना?"

"मस्त!"

उत्तर एकाही दिवशी बदललं नव्हतं. काळजी त्याचीच होती.

रविवारी लेक घरी आली ती बसलेले गाल घेऊन. वरणभातावर अशी तुटून पडली की तिच्या बाबांनी, दत्तप्रसादरावांनी, आपली वाटीही मुकाट्याने तिच्याकडे सरकवली.

"ऑफिसात काय चाललंय?" नम्रताताईंनी विचारलं.

घास गिळत तिने सांगितलं. तिची कंपनी संगणकाच्या आत चालणारा नकली संगणक बनवते. खऱ्या प्रोसेसरला दिलेली प्रत्येक सूचना त्याने हुबेहूब तशीच पाळायची. पाळतो का, हे बघायला ढीगभर टेस्ट आपोआप चालतात. जमलं की हिरवं, चुकलं की लाल. वर्षानुवर्षं सगळं हिरवंगार. तनुजाला फक्त पसारा आवरायला सांगितलं होतं: दुबार टेस्ट काढ, उरलेल्या नीट लाव.

"आवरताना कळलं, कितीतरी टेस्टची 'बरोबर उत्तरं' कुणीतरी त्या नकलीलाच विचारून लिहून ठेवलीत! मग जुळणारच ना? मी खऱ्या प्रोसेसरकडून घेतली. धडाधड लाल. नव्या आवृत्तीचं रिलीज थांबलं."

"मग साहेब?"

"आमोद म्हणाला, छान हिरवं होतं, तू लाल केलंस. म्हटलं, ताप थर्मामीटरमुळे येत नाही. आता चहाला एकटीच जाते. पण मी मस्त आहे गं."

सोमवारी पुन्हा फोन, पुन्हा "मस्त!" नम्रताताईंनी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, मीसुद्धा तिचं उत्तर तिलाच विचारतेय!"

"मग तिच्या रूममेटला विचार. सृष्टीला."

"ती पढवलेली असणार."

"मग वाघोलीत कॅमेरा बसव."

नम्रताताईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांना हिराबाई आठवल्या होत्या. तनुजाचा डबा त्यांच्याकडे नम्रताताईंनीच लावून दिला होता. रोज भरलेला डबा द्यायचा, आदल्या दिवशीचा परत न्यायचा. तो रिकामा येतो की भाजीसकट, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

"जेवते का, असं विचारायचंच नाही," त्या म्हणाल्या. "डबा कसा परत येतो, एवढंच."

"आणि लाल निघालं तर?"

"तर मी तिकडे राहायला जाते."

दत्तप्रसादरावांनी चष्मा काढला. "हिराबाईंचा नंबर आहे ना तुझ्याकडे? नाहीतर मी शोधतो."

नंबर होता. नम्रताताईंनी तो लावला.